‘चीफ ऑफ स्टाफ’ची जबाबदारी स्वीकारावी का?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. कंपनी एका कुटुंबाने उभी केलेली असून काही वर्षांपूर्वी तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. संस्थापक आता चेअरमन आहेत आणि त्यांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणतात. रोजचा कारभार त्यांची कन्या व्यवस्थापकीय संचालक म्हणून पाहते. मागच्या आठवड्यात मॅडमनी मला बोलावून घेतले आणि त्यांच्या कार्यालयात ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणून येण्याची तयारी आहे का, असे विचारले. आमच्याकडे हे पद याआधी नव्हते. विचार करायला त्यांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे.

माझी अडचण अशी की, या पदाचे वर्णन जिथे वाचावे तिथे वेगळेच सापडते. कुठे ते सचिवाच्या कामाला दिलेले मोठे नाव वाटते, तर कुठे व्यवस्थापकीय संचालकांच्या खालोखालचे पद वाटते. आज माझ्याकडे ठरलेले काम आहे, हाताखाली माणसे आहेत आणि महिन्याच्या शेवटी काय साधले ते आकड्यांत दाखवता येते. हे सोडून, जिथे हाताखाली कोणी नाही, स्वतःचा विभाग नाही आणि कामाची मोजदाद कशी होणार हेही ठाऊक नाही, अशा जागी जावे का? ज्यांनी हे काम केले आहे, ज्यांनी असा माणूस नेमला आहे किंवा ज्यांना अशा माणसाबरोबर काम करावे लागले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


खराडीकर

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून काम केले आहे आणि आता तिथेच एका व्यवसाय विभागाचा प्रमुख आहे. त्यामुळे या कामाच्या दोन्ही बाजू मला जवळून पाहायला मिळाल्या.

वरिष्ठांच्या टेबलावर कोणता विषय, कधी आणि कोणत्या स्वरूपात यावा हे पाहणे, आणि जे ठरले ते ठरल्याप्रमाणे होत आहे ना याचा पाठपुरावा करणे, हा रोजच्या कामाचा मोठा भाग असतो. जे काम कोणत्याच विभागाचे नसते, उदाहरणार्थ नुकत्याच विकत घेतलेल्या छोट्या कंपनीतील माणसांना आपल्यात सामावून घेणे, तेही फिरून फिरून याच टेबलावर येते. याखेरीज, जी गोष्ट वरिष्ठांना सांगायला बाकीचे कचरतात ती वेळेवर, एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. हे काम नेमणूकपत्रात कधीच लिहिलेले नसते, पण माझ्या मते हे पद असते ते मुख्यतः त्यासाठीच.

अधिकाराबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो. या पदाला स्वतःचा अधिकार जवळजवळ नसतो. जो असतो तो वरिष्ठांकडून उसना आलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातले उसने किती आणि स्वतःचे किती हे कळायला मार्ग नसतो. माझ्याआधी या पदावर असलेल्या गृहस्थांच्या वेळची एक हकिकत सांगतो. विमानतळाकडे जाताना गाडीत साहेब सहज म्हणाले, “त्या बँकेच्या प्रकल्पाला इतका वेळ का लागतोय?” त्या गृहस्थांनी गाडीतून उतरताच प्रकल्पप्रमुखांना फोन करून सांगितले, “साहेब तुमच्या प्रकल्पावर नाराज आहेत.” प्रकल्पप्रमुखांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या कामावरची अनुभवी माणसे काढून इकडे लावली, त्यामुळे दुसऱ्या ग्राहकाला दिलेली तारीख चुकली, आणि दौऱ्यावरून परतल्यावर साहेबांनी विचारले की, हे करायला सांगितले कोणी? सांगितले कोणीच नव्हते. विचारणेची नाराजी झाली आणि नाराजीचा हुकूम झाला, इतकेच.

म्हणून मी एक शिस्त पाळत असे. वरिष्ठांचा कोणताही शब्द पुढे पोहोचवताना तो निर्णय आहे, विचारणा आहे की नुसता मनात आलेला विचार आहे, हे मी आधी सांगत असे. मलाच खात्री नसेल तर तो शब्द पुढे नेण्याआधी परत जाऊन विचारून घेत असे. त्यामुळे कधीकधी वरिष्ठ त्रासतात, पण तेवढा त्रास त्यांना द्यावाच लागतो.


सुनीती_कोथरूड

धागाकर्त्यांनी ‘सचिवाच्या कामाला दिलेले मोठे नाव’ असे लिहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मी एका अभियांत्रिकी कंपनीत व्यवस्थापकीय संचालकांची कार्यकारी सहायक म्हणून दीर्घकाळ काम करते आहे आणि अलीकडे आमच्याकडे चीफ ऑफ स्टाफही नेमले गेले आहेत. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. साहेबांचा वेळ, प्रवास, पत्रव्यवहार, कोणाला कधी भेटायचे, कोणता फोन ताबडतोब जोडायचा, हे माझ्याकडे असते. त्या वेळेत जे विषय होतात त्यांची तयारी आणि नंतरचा पाठपुरावा त्यांच्याकडे असतो. जिथे ही विभागणी पहिल्याच महिन्यात स्पष्ट केली जात नाही, तिथे दोघांचीही कुचंबणा होते, कारण बाहेरच्या माणसाला नेमके कोणाला विचारायचे ते कळत नाही आणि तो दोघांनाही विचारत राहतो.

एक उदाहरण देते. आमचे साहेब प्रत्येक भाषणात निर्यात हा या वर्षीचा पहिला विषय असल्याचे सांगत असत. नवे चीफ ऑफ स्टाफ रुजू झाल्यावर त्यांनी मला मागच्या तिमाहीचे साहेबांचे कॅलेंडर मागितले आणि आम्ही दोघांनी बसून एकेक नोंद पाहिली. बँकांच्या भेटी, उद्योग संघटनांच्या बैठका, कामगार संघटनेशी चाललेली वेतन कराराची बोलणी, दोन प्लँटचे मासिक आढावे, पाहुण्यांच्या भेटी, समारंभ हे सगळे त्यात होते, पण निर्यातीच्या नावाने परदेशी ग्राहकाबरोबरचा एकच फोन होता, आणि तोही तक्रारीचा. त्यांनी त्यावर कोणतेही भाष्य न करता तो कागद साहेबांसमोर ठेवला. साहेब बराच वेळ तो पाहत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच तीन समित्यांमधून नाव काढून घ्यायला सांगितले. कॅलेंडर मी रोजच पाहत होते, पण ते अशा रीतीने समोर मांडणे हे माझ्या कामात बसत नव्हते. त्यांच्या कामात ते बसले.

आपण ही जबाबदारी घेतलीत, तर मॅडमच्या सध्याच्या सहायक असतील त्यांच्याशी सर्वांत आधी बोला. मॅडमच्या कामाची पद्धत त्यांना जितकी ठाऊक असेल तितकी कोणत्याही अहवालात सापडणार नाही.


रांजणगाव_प्लँट

मी वेगळे मत मांडतो. मी प्लँट हेड आहे आणि या पदाचा जाच मी सोसला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

आमच्या पूर्वीच्या कंपनीत, जिचे नाव घेत नाही, व्यवस्थापकीय संचालकांचे दार आम्हा प्लँट हेडना कायम उघडे असे. मशीन बंद पडले, ग्राहकाच्या लाइनवर माल नाकारला गेला, पाळीत भांडण झाले, तर थेट फोन करता येई. चीफ ऑफ स्टाफ आल्यावर प्रत्येक विषय ‘आधी एका पानात लिहून पाठवा’ असा झाला. पान पाठवावे तर त्यावर चार प्रश्न येत, ते प्रश्न आमच्या कामाची माहिती नसलेल्या माणसाचे, म्हणजे त्या चीफ ऑफ स्टाफचे असत, आणि त्यांची उत्तरे देईपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असे. शिवाय त्या पानाचे पुढे काय होते, आमचा मुद्दा आमच्या शब्दांत वर जातो की त्यांच्या, हे आम्हाला कधीच कळले नाही. वाईट बातमी वर जाण्याचे प्रमाण कमी झाले, कारण ती आधी तिसऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत होती.

ज्याच्यावर उत्पादनाची जबाबदारी नाही, ज्याला तोटा झाला तर उत्तर द्यायचे नाही, अशा माणसाला जबाबदार माणसांच्या आणि वरिष्ठांच्या मध्ये बसवणे मला मुळातच पटत नाही. धागाकर्ते स्वतः नियोजनातून आलेले आहेत, त्यामुळे त्यांना शॉपवरचे, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन होते तिथले, काम कळते, हा फरक मी मान्य करतो.


मोडीवाचक

रांजणगावकरांचे म्हणणे गंभीर आहे आणि ते नवे नाही. सत्तेच्या जवळ बसणाऱ्या माणसाबद्दलची ही तक्रार राज्यकारभारात फार जुनी आहे. पण अशा माणसाशिवाय कारभार करून पाहिल्याचे दाखलेही इतिहासात आहेत.

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर १९७७ साली पदावर आले तेव्हा त्यांनी चीफ ऑफ स्टाफ न नेमण्याचे ठरवले. आधीचे एक अध्यक्ष निक्सन यांच्या काळात त्यांचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हाल्डेमन यांनी अध्यक्षांभोवती जे कडे उभारले होते, त्याचा तो धडा होता. परिणाम असा झाला की, अनेक जणांना अध्यक्षांपर्यंत थेट वाट मिळाली, बारीकसारीक विषय त्यांच्याच टेबलावर साचू लागले, आणि जुलै १९७९ मध्ये कार्टर यांनी हॅमिल्टन जॉर्डन यांना त्या पदावर नेमले. कार्टर यांच्या आधीचे अध्यक्ष फोर्ड यांनीही सर्वांना समान प्रवेश देण्याचा प्रयोग सुरुवातीला केला होता आणि तो फार काळ टिकला नाही. डोनाल्ड रम्सफेल्ड आणि पुढे डिक चेनी यांनी त्यांच्याकडे हे काम केले.

हाल्डेमन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. निक्सन रागाच्या भरात जे आदेश देत, त्यांतले काही ते मुद्दाम लगेच अमलात आणत नसत आणि राग ओसरण्याची वाट पाहत. हे त्यांनी योग्यच केले. पण वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याच्या प्रकरणात, जिथे ठाम नकार द्यायला हवा होता तिथे त्यांनी तो दिला नाही, ३० एप्रिल १९७३ रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढे तुरुंगातही जावे लागले. म्हणजे काय थांबवायचे हे कळूनही, सर्वांत मोठी गोष्ट थांबवण्याचे बळ त्यांनी दाखवले नाही.

या पदाचे मूळ लष्करी आहे आणि त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव नेपोलियनचे मार्शल बर्तिए यांचे. १७९६ च्या इटलीच्या मोहिमेपासून १८१४ पर्यंत नेपोलियनच्या तोंडी आज्ञांचे स्पष्ट लेखी आदेश करून ते योग्य सेनापतीपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. १८१५ च्या वॉटर्लूच्या मोहिमेत ते नव्हते. त्यांच्या जागी मार्शल सूल्ट होते, जे स्वतः उत्तम सेनापती होते, पण त्या मोहिमेतल्या आदेशांत बराच घोळ झाला. उलट, १८०९ मध्ये बव्हेरियात काही काळ सैन्याची सूत्रे खुद्द बर्तिए यांच्या हाती आली होती, तेव्हा नेपोलियन येऊन पोहोचेपर्यंत त्यांच्याकडून सैन्याची मांडणी विस्कळीत झाली होती. हुकूम देणारा आणि हुकूम नीट पोहोचवणारा यांची गुणवत्ता वेगळी असते, हे या दोन प्रसंगांतून दिसते.

आपल्याकडे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत वाकनीस, म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचे मंत्री, यांच्याकडे राजाच्या रोजच्या कारभाराची नोंद, आमंत्रणे आणि खासगीकडील व्यवस्था अशी कामे होती, तर पत्रलेखन चिटणीस बाळाजी आवजी यांच्याकडे होते. राजाच्या जवळ असणे आणि मुलूख किंवा फौज हाती असणे, या दोन गोष्टी तिथेही वेगळ्या ठेवलेल्या होत्या.


भोसरीचा_उद्योजक

माझ्या वडिलांनी १९६० च्या दशकात, पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात मोठे वाहन कारखाने आणि औद्योगिक वसाहत उभी राहत असताना, एका शेडमध्ये दोन लेथवर कामाला सुरुवात केली. आज आमचे तीन प्लँट आहेत आणि मी असा माणूस नेमला आहे, म्हणून नेमणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

कंपनी लहान असते तोवर मालकाला सगळे डोळ्यांनी दिसते. तीन प्लँट झाले की, त्याला जे दिसते ते अहवालांतून दिसते, आणि प्रत्येक विभागाचा अहवाल त्या विभागापुरता खरा असतो. आमच्या मासिक आढाव्यात तयार मालाच्या साठ्याचा आकडा प्लँटचा वेगळा आणि वित्त विभागाचा वेगळा, असे दर महिन्याला होई आणि बैठकीचा पहिला तास त्याच वादात जाई. दोघेही आपापल्या आकड्यावर ठाम असत आणि मी दोघांवर चिडत असे. आमच्या चीफ ऑफ स्टाफ बाईंनी पहिल्या आढाव्यानंतर तीन दिवस फक्त हा एक विषय घेतला. त्या प्लँटच्या डिस्पॅच विभागात जाऊन बसल्या, मग ग्राहकाच्या कारखान्याजवळच्या गोदामात गेल्या, मग वित्त विभागात बसल्या. उलगडा असा झाला की, आमचा माल ट्रकमधून निघाला की प्लँट तो ‘गेला’ असे धरत असे. तो माल ग्राहकाजवळच्या तिसऱ्या पक्षाच्या गोदामात पडून राही, आणि ग्राहक तिथून आपल्या लाइनसाठी उचलून माल मिळाल्याची नोंद करी तेव्हाच वित्त विभाग तो साठ्यातून कमी करी. दोन्ही आकडे बरोबर होते आणि त्यांच्या मधला माल आमच्या भांडवलावर गोदामात पडलेला होता. तो किती असावा याचा निर्णय कोणीच घेतलेला नव्हता, कारण तो प्लँटच्याही हिशेबात नव्हता आणि विक्री विभागाच्याही.

रांजणगावकर विचारतात की, ज्याच्यावर उत्पादनाची जबाबदारी नाही त्याला मध्ये का बसवावे. वरच्या प्रसंगात उपयोग झाला तो नेमका याचाच, कारण बाईंना कोणत्याही एका आकड्याची बाजू घ्यायची नव्हती. पण दाराबद्दलचा त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. आमच्याकडे नेमणुकीच्या दिवशीच मी सर्व विभागप्रमुखांना लेखी कळवले की, माझा फोन पूर्वीसारखाच उघडा आहे. एका पानाची टिपणे फक्त आधीपासून ठरलेल्या बैठकांसाठी मागवली जातील, तातडीच्या विषयाला कोणतेही पान लागणार नाही, आणि टिपणात बाईंनी काही बदलले तर ते मूळ लिहिणाऱ्याला दाखवूनच माझ्यापुढे येईल. हे वरिष्ठांनी स्वतः सांगावे लागते. चीफ ऑफ स्टाफने सांगून त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.


इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रांजणगावकरांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, कारण आमच्या प्लँट हेडना माझ्याबद्दल नेमके हेच वाटू शकते.

आणखी दोन प्रश्न आहेत. मोठे साहेब अजून आठवड्यातून तीन-चार दिवस कारखान्यात येतात, जुन्या लोकांशी बोलतात आणि काही सूचना परस्पर देतात. त्यांच्या आणि मॅडमच्या मतांत फरक पडला तर मी काय करावे? आणि दुसरे, दोन-तीन वर्षांनी या पदावरून माणूस कुठे जातो?


भोसरीचा_उद्योजक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आमच्या घरातही वडील आणि मी असेच काम करतो. आपण मॅडमचे चीफ ऑफ स्टाफ असाल, कुटुंबाचे नाही, हे स्वतःशी पक्के करा. मोठ्या साहेबांनी बोलावले तर आदराने जा, जे विचारतील त्याचे खरे उत्तर द्या, आणि काय विचारले गेले ते त्याच दिवशी मॅडमना सांगा. आपण असे सांगणार आहोत, हेही मोठ्या साहेबांना आधीच नम्रपणे कळवून ठेवा. वडील आणि मुलगी यांच्यामध्ये निरोप नेऊ नका, कितीही साधा असला तरी. ज्या विषयावर त्यांचे दुमत आहे तो विषय त्यांनी एकमेकांशीच बोलायला हवा. आपण त्यासाठी फक्त वेळ आणि आकडे तयार ठेवू शकता. कुटुंबाच्या कंपनीत या पदावरची माणसे टिकत नाहीत ती बहुतेक वेळा कामामुळे नाही, तर अशा निरोपांमुळे.


खराडीकर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हे पद मुक्कामाचे नाही. दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त राहिले तर वरिष्ठांना सवय होते आणि आपल्यालाही स्वतःचे असे काही चालवण्याची सवय मोडते.

पुढे काय होऊ शकते याची मोठी उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांच्याबरोबर तांत्रिक सहायक म्हणून काम केलेले पॉल ओटेलिनी २००५ साली त्याच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. अ‍ॅमेझॉनमध्ये अँडी जॅसी काही काळ जेफ बेझोस यांच्याबरोबर बैठकांत सावलीसारखे बसत. पुढे त्यांनी कंपनीचा क्लाउड व्यवसाय उभा केला आणि जुलै २०२१ मध्ये बेझोस यांची जागा घेतली. आपल्याकडे टी.सी.एस.मध्ये एन. चंद्रशेखरन यांनी एस. रामदोराई यांचे कार्यकारी सहायक म्हणून काम केले होते. २००९ साली ते टी.सी.एस.चे प्रमुख झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष. टाटा समूहात १९५६ पासून चालत आलेल्या टाटा प्रशासकीय सेवेमागेही तरुण माणसाला वेगवेगळ्या कंपन्यांत आणि कामांत फिरवून घडवण्याचा विचार आहे.

मात्र या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि ती सहज नजरेआड होते. यांतला कोणीही त्या खुर्चीतून थेट सर्वोच्च पदावर गेलेला नाही. मधल्या काळात प्रत्येकाने स्वतः काहीतरी चालवून दाखवले, ज्याच्या नफ्यातोट्याचे उत्तर त्याला द्यावे लागत होते. मोडीवाचकांनी सांगितलेला बर्तिए यांचा १८०९ चा प्रसंग इथे लागू पडतो. म्हणून आपण जाताना परतीची वाट विचारूनच जा. ‘दोन वर्षांनी बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. कोणता प्लँट, कोणता विभाग किंवा निदान कोणत्या पातळीचे काम, याबद्दल मॅडमच्या मनात काय आहे ते आत्ताच विचारणे योग्य ठरेल.


रांजणगाव_प्लँट

खराडीकरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. भोसरीकरांनी विभागप्रमुखांना जे लेखी कळवले, तेवढे जरी आमच्याकडे झाले असते तरी माझे मत कदाचित वेगळे झाले असते.

धागाकर्त्यांना एक सूचना. प्लँटची सकाळची उत्पादन बैठक शॉपवरच उभ्याने होते, तिथे आठवड्यातून एकदा तरी येत जा. प्रश्न विचारण्यासाठी नाही, फक्त ऐकण्यासाठी. कोणत्या अडचणी फळ्यावर लिहिल्या जातात आणि पुढे मासिक आढाव्यात पोहोचेपर्यंत त्यांतल्या कोणत्या गळतात, हे आपल्याला एका महिन्यात दिसेल.


जुना_दप्तरदार

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो आहे. आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. हा भाग कोणी सांगत नाही आणि नंतर अडचण होते.

कंपनी कायदा २०१३ मध्ये चीफ ऑफ स्टाफ असे पद नाही. कलम २०३ ज्या प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींची नेमणूक नोंदलेल्या कंपनीला सक्तीची करते, त्यांत व्यवस्थापकीय संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी, कंपनी सेक्रेटरी आणि मुख्य वित्त अधिकारी येतात. म्हणजे कायद्याने त्यांच्यावर टाकलेली कोणतीही जबाबदारी आपण ‘मॅडमच्या वतीने’ पार पाडू शकत नाही आणि त्यांच्या सहीच्या जागी आपली सही चालत नाही. संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात, दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि किमान सात दिवस आधी सूचना द्यावी लागते. हे वेळापत्रक कंपनी सेक्रेटरीच्या हातात असते आणि आपल्या साऱ्या अंतर्गत आढाव्यांच्या तारखा त्याच्या मागेपुढे बसवाव्या लागतात. हे त्यांच्याशी बोलून वर्षाच्या सुरुवातीलाच करावे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या अंतस्थ व्यवहारविषयक (इनसायडर ट्रेडिंग) नियमांनुसार आपण त्या खुर्चीत बसताच ‘नियुक्त व्यक्ती’ व्हाल, कारण तिमाहीचे निकाल, मोठी ऑर्डर किंवा एखादी कंपनी विकत घेण्याची बोलणी ही माहिती जाहीर होण्याआधी आपल्यासमोर येईल. आपल्या निकटच्या नातेवाइकांची नावे आणि पॅन क्रमांक दरवर्षी कंपनीला कळवावे लागतील. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत आपल्याला आणि त्यांना कंपनीच्या शेअरचा व्यवहार करता येणार नाही. एरवीही ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. अशी माहिती ज्या सल्लागाराला किंवा बँकेला कामासाठी दिली जाते त्याची नोंद कंपनीच्या संगणकीय नोंदवहीत ठेवावी लागते, आणि ही कागदपत्रे बहुतेक वेळा आपल्याच हातून पाठवली जातील. घरात जेवताना सहज केलेला उल्लेखसुद्धा इथे महागात पडू शकतो.


इंद्रायणीकाठ

दप्तरदार, आपण सांगितलेल्या गोष्टींची मला काहीच कल्पना नव्हती. माझ्या पत्नीकडे कंपनीचे थोडे शेअर आहेत, तेव्हा हा विषय आजच घरी बोलतो.

कालपर्यंतच्या चर्चेनंतर मी मॅडमसाठी एक टिपण केले आहे. त्यात मी विचारले आहे की, कोणत्या बैठकांना मी हजर असेन आणि कोणत्या बैठकांना नसेन, कोणते निर्णय मी स्वतः घेऊ शकेन, विभागप्रमुखांचा त्यांच्याशी थेट संपर्क पूर्वीसारखाच राहील हे त्या स्वतः सर्वांना कळवतील का, मोठ्या साहेबांशी बोलण्याबाबत भोसरीकरांनी सुचवलेली पद्धत त्यांना मान्य आहे का, आणि दोन वर्षांनंतर मला उत्पादनाच्या बाजूला परत जाता येईल का. नियोजन विभागाची माझी जागा कोणाकडे सोपवायची याचाही प्रस्ताव जोडला आहे. या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळाली तर होकार द्यावा, असे मनाने घेतले आहे.

दप्तरदारांना एक शेवटचे विचारतो. संचालक मंडळाच्या बैठकीला मी हजर राहावे अशी मॅडमची इच्छा आहे. ते चालते का, आणि तिथे मी टिपणे घ्यावीत का?


जुना_दप्तरदार

अध्यक्षांच्या संमतीने निमंत्रित म्हणून हजर राहता येते. आपल्या हजेरीची नोंद इतिवृत्तात निमंत्रित म्हणूनच होईल, आणि ज्या विषयाला आपण नसावे असे संचालकांना वाटेल त्या विषयाला बाहेर जावे लागेल. ते मनाला लावून घेऊ नये.

इतिवृत्त लिहिणे हे कंपनी सेक्रेटरीचे काम आहे. त्याचा मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे जातो आणि ३० दिवसांच्या आत त्याची इतिवृत्त पुस्तकात नोंद होते. आपण फक्त व्यवस्थापनाने पुढे काय करायचे ठरले तेवढेच लिहून घ्यावे: काम, करणारा, तारीख. कोणत्या संचालकाने काय मत मांडले, कोण कोणाशी असहमत झाले, हे आपल्या वहीत असू नये. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आपली कामांची यादी कंपनी सेक्रेटरींना दाखवून ती इतिवृत्ताच्या मसुद्याशी जुळते ना, हे पाहून घ्या आणि मगच ती विभागप्रमुखांकडे पाठवा. पत्नीच्या शेअरबाबत मात्र रुजू होण्याआधीच कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ते विकूही नका आणि नवे घेऊही नका.